घसरगुंडीवरची ठिणगी

घसरगुंडीवरून खाली आलेल्या माझ्या मुलीचे केस ताठ उभे राहिले होते आणि बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्याजणी हसत होतो.

जानेवारी होता. पनवेलला थंडी म्हणावी तशी पडत नाही, पण वर्षातले मोजके दिवस वारा खाडीकडून न येता नेऱ्याच्या डोंगरांकडून येतो. अंगाला चिकटणारा ओलावा जातो, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. आमच्या सोसायटीच्या बागेत नुकतीच एक नवी घसरगुंडी बसवली होती. पिवळ्या प्लॅस्टिकची, बोगद्यासारखी बंद, खाली रबराच्या लाद्या. मुलगी त्यातून सरकत यायची, धावत शिडी गाठायची, पुन्हा सरकत यायची. अंगात लोकरीसारखा दिसणारा, पण लोकरीचा नसलेला मऊ स्वेटर. दर फेरीला तिचे केस आणखी फुलत होते. शेजारीण म्हणाली, "अगं, साळिंदर झालंय तुझं!" मी फोन काढून फोटो घेतला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मी तो उघडत नाही.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती जन्मापासून बहिरी आहे. तान्ही असतानाच ते कळलं, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत मुंबईत तिची शस्त्रक्रिया झाली. कानामागे कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं, त्याची बारीक तार कानाच्या आतल्या शंखात सरकवली. बाहेरून कानावर एक मशीन अडकवायचं. त्याची गोल चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. मशीन आवाज टिपतं, चकतीतून आत पाठवतं, आणि आतली तार त्याची वीज करून ऐकण्याच्या नसेपर्यंत पोचवते. हे तिचं ऐकणं. मशीन काढलं की सगळं शांत. रात्री झोपताना ती स्वतःच चकती ओढून काढायची आणि माझ्या हातात द्यायची.

ते ऐकणंही आयतं मिळालं नव्हतं. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, दाराची बेल, एकेक आवाज तिला हाताला धरून दाखवावा लागला होता. मी बँकेतली नोकरी सोडून दिवसभर तिच्याशी बोलत असे. जिन्यावर, भाजी निवडताना, आंघोळ घालताना; बोलून बोलून माझा घसा बसायचा. तिला शब्द यायला लागले होते. पाणी, बाबा, चल. सासूबाई उरणच्या मोरा बंदराहून ताजं मावरं, म्हणजे मासळी, घेऊन आल्या की "माव! माव!" करत दाराशी नाचायची. त्या महिन्यात ती दोन शब्द एकमेकांना जोडायला लागली होती. जे पालक यातून गेलेत त्यांना विचारा, त्या दोन शब्दांसाठी माणूस काय काय सोसतं.

घसरगुंडीच्या तोंडाशी ती आली तेव्हा चकती जरा सरकलेली दिसली. ती नीट करायला मी बोट पुढे केलं.

चट्.

माझ्या बोटाला सुई टोचल्यासारखं झालं. तिने डोकं झटकन मागे घेतलं आणि कानामागे हात नेला. मी हसतच म्हणाले, "शॉक लागला का गं बाळाला?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई." मोठ्याने, सपाट, कुठे चढ नाही की उतार नाही. मशीन नसताना ती अशीच बोलते, कारण स्वतःचाच आवाज तिला येत नसतो. पण मशीन तर कानावर होतं. त्याचा बारीक हिरवा दिवा तेवढा विझला होता.

मी तिला उचलून घरी पळाले. बॅटरी बदलली. वायर बदलली. डब्यात जपून ठेवलेली जास्तीची चकती लावली. दिवा लागला नाही. मी तिच्या पाठीमागे उभी राहून हाका मारत होते. आधी हळू, मग किंचाळून. ती सोफ्यावर बसून स्वेटरचा धागा उसवत होती.

नवरा उरणला बंदरात कामाला आहे; तेव्हा पाळीवर होता, फोन लागेना. मी ऑडिओलॉजिस्टबाईंना लावला. शस्त्रक्रियेनंतर मशीन जुळवून देण्यापासून सगळं त्यांनीच केलं होतं. मी रडत काय सांगितलं ते त्यांना नीट कळलं नसावं. त्या म्हणाल्या, "थांबा. घसरगुंडी कशाची आहे?"

"प्लॅस्टिकची. खाली रबराच्या लाद्या."

"आणि अंगात?"

"तो मऊ स्वेटर असतो ना, तो."

मग त्यांनी मला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. कंगवा केसांवरून फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ शाळेत केला असेल ना, तोच हा प्रकार. प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार सारखेच भरलेले असतात, म्हणून एरवी काही जाणवत नाही. दोन वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन निघून दुसरीवर जातात. जिच्याकडे गेले ती ऋण होते, जिच्याकडून गेले ती धन. प्लॅस्टिकमधून ते वाहून जाऊ शकत नाहीत, तिथेच बसून राहतात. "तुमची मुलगी दर फेरीला थोडी थोडी भारित होत गेली. खाली रबर, म्हणजे जमिनीत जायलाही वाट नाही. केस उभे राहिले ना? प्रत्येक केसावर एकाच जातीचा प्रभार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत होते. मग तुम्ही बोट नेलंत. तुमच्या अंगावर प्रभार नव्हता. त्याला एकदम वाट मिळाली."

"मशीनमधून?"

"हो, मशीनमधून."

मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, आपल्याकडच्या हवेत याची काळजी नको."

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "दमट हवेत सगळ्या वस्तूंवर ओलाव्याचा न दिसणारा पापुद्रा असतो. त्यावरून प्रभार हळूहळू निघून जातो. मी आजवर इथे अशी केस पाहिलेली नाही. हल्लीच्या मशीनना बहुतेक वेळा काही होतही नाही. पण आता हे झालंय."

"आता काय?"

"बाहेरचं मशीन गेलं असेल तर दुसरं मिळेल. आतलं तपासल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही."

आतलं गेलं असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. पुन्हा तेच हाड, तीच जागा उघडायची. आणि पुन्हा तितकंच ऐकू येईल याची खात्री कुणी देत नाही, हे मला त्यांनी न सांगताही माहीत होतं. तपासणीचा संगणक त्यांच्याच दवाखान्यात होता आणि त्या गुरुवारपर्यंत परगावी होत्या. मी आणखी दोन ठिकाणी फोन केले. हे मशीन ज्या कंपनीचं, त्यांचीच तपासणी चालते, दुसऱ्याची नाही, असं उत्तर आलं.

तो शनिवार होता.

पहिल्या दिवशी ती सारखी मशीन माझ्याकडे आणत होती. माझा तळहात उघडायची, त्यात ठेवायची आणि डोकं पुढे करायची. मी लावायचे. ती श्वास रोखून, भुवया उंचावून थांबायची. एखादा पाहुणा दाराशी येणार असावा, असा तिचा चेहरा व्हायचा. काही यायचं नाही. मग ते उपटून फेकायची. थोड्या वेळाने तेच. संध्याकाळी बाबा आल्यावर त्याच्याकडे नेलं. शेजारणीकडे नेलं. आईला जमत नाही, पण दुसऱ्या कुणाला जमेल, असं तिच्या डोक्यात असावं. सोमवारी तिने ते आणणं बंद केलं. पलंगाखाली पडलं होतं, तिकडे तिने पाहिलंही नाही. तोवर मी धीर धरून होते. ते पलंगाखालचं मशीन पाहिलं आणि तो सुटला.

ती बोलायची थांबली. शब्द होते, पण ते तोंडातून निघून कुठे जातात हे तिला कळत नव्हतं, म्हणून बहुधा नकोसे झाले. ताट फरशीवर आपटायची आणि दुसऱ्या हाताचा पंजा फरशीला लावून ठेवायची. हादरा तेवढा पोचायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली, मी दार उघडलं नाही. एकदा ती माझ्या मनगटाला इतकी कडकडून चावली की नवऱ्याला तिचा जबडा सोडवावा लागला.

मला मात्र एकच वेड लागलं होतं. जी गोष्ट दिसत नाही ती मला बघायची होती. मी वर्तमानपत्राचे कपटे केले, कंगवा डोक्यावरून फिरवला. कपटे उड्या मारून कंगव्याला चिकटले, काही थरथरून पुन्हा खाली पडले. तो स्वेटर घेऊन मी दिवसाढवळ्या न्हाणीघरात शिरले, दार लावून अंधार केला आणि तो अंगावरून ओढून काढला. कडकड आवाज झाला, निळ्या बारीक ठिणग्या बाहीवरून धावल्या. एवढंच? या एवढ्याशा गोष्टीने? फोनवर वाचलं होतं की अशा ठिणगीत व्होल्ट हजारांनी असतात, पण वाहणारी वीज क्षणभराची आणि इवलीशी, म्हणून माणूस मरत नाही. माणूस मरत नाही हे खरं. मी तिथे लादीवर बसून राहिले.

मग मी घरातला सगळा नायलॉन, पॉलिस्टर गोळा करून माळ्यावर टाकला. पडदे काढले. गालिचा गुंडाळला. खिडक्यांना ओले पंचे बांधले, खोलीखोलीत पाण्याच्या बादल्या ठेवल्या. हवा तरी कोरडीच. कडी काढताना चट्, नळ धरताना चट्. प्रत्येक वेळी मला वाटे, हा हात तिला लागला असता तर. तिच्या कातडीखाली ते यंत्र आहे, कदाचित अजून जिवंत असेल, आणि मी त्याला दुसऱ्यांदा मारीन. मी तिच्यापासून हात आखडता घ्यायला लागले. जेवण चमच्याने, लांबून. वेणी नाही. झोपायला वेगळी गादी. ती जवळ आली की मी उठून उभी राहायचे.

नवऱ्याने हे पाहिलं आणि त्याचा तोल गेला. "काय चाललंय तुझं? कुष्ठरोग झालाय का पोरीला?"

"तुला काही कळत नाही," मी ओरडले. "तुझ्या हाताला ते लागलं नाही. माझ्या हाताला लागलं."

"मग काय, आयुष्यभर हात लावणार नाहीस?"

मुलगी आमच्या मध्ये उभी राहून आमची तोंडं बघत होती. उघडणारी, मिटणारी. तिला त्यात नुसते दात दिसत असतील.

मंगळवारी सासूबाई आल्या. मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. हातात पाटी नाही असं त्यांना मी क्वचितच पाहिलं आहे. त्या दिवशी मोकळ्या हाताने आल्या. नातीने त्यांना पाहिलं, पण "माव" म्हटलं नाही. त्या दारातच खाली बसल्या.

"काय झाला गो नक्की? मना नीट सांग."

मी सांगितलं. घर्षण, इलेक्ट्रॉन, रबर, वाट. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष नातीच्या कानामागच्या व्रणावर होतं.

"मना तुमचा करंट काय कळत नाय," त्या म्हणाल्या. "माजा एक कान काढून तिला नाय लावता येनार? मी म्हातारी, मना आता कोनाचा काय आयकायचा हाय?"

"तसं होत नाही, आई."

"डाक्टरला इचारलास?"

मी नाही अशी मान हलवली. त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. मी त्यांना समजवायला हवं होतं; पण माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पोरगी कोपऱ्यात बसलीय कवाधरना. जवल का घेत नाय तू तिला?"

त्याच दुपारी मी ऑडिओलॉजिस्टबाईंना पुन्हा फोन केला. विचारायचं होतं एवढंच. विचारताना लाज वाटली. "मी तिला हात लावू का?"

त्यांनी विचारलं, "तुम्ही शनिवारपासून तिला जवळ घेतलं नाहीत?"

मी कोपऱ्यात बसलेल्या तिच्याकडे पाहिलं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "ठिणगी दोघांमध्ये फरक असेल तरच पडते. एकीवर प्रभार जास्त, दुसरीवर कमी, मध्ये थोडी हवा. एकदा का तुम्ही तिचा हात धरलात, की जो काही प्रभार आहे तो दोघींमध्ये वाटला जातो. मग फरकच राहत नाही. धरून ठेवलंत तोवर ठिणगी पडूच शकत नाही. मशीन असेल तेव्हाही हाच नियम, आधी मुलीला हात लावायचा, मग मशीनला. आत्ता तर अंगावर मशीनही नाही. हात धरायला घाबरू नका. उलट घट्ट धरा."

मी कोपऱ्यात तिच्यासमोर जाऊन बसले. हात पुढे केला. ती त्याच्याकडे संशयाने बघत होती. तिने तो धरला नाही. मीच तिचा पंजा धरला. बारीकसं चट् झालंच. तिने हात ओढला, मी सोडला नाही. तिने मला मारलं, छातीवर, तोंडावर, पायांनी पोटात. मी तिला ओढून मांडीत घेतलं आणि दोन्ही हातांनी कवटाळून ठेवलं. किती वेळ ती झटत होती कोण जाणे. मग दमली. तिने पंजा माझ्या गळ्याला लावला. अगदी सुरुवातीला, आवाज म्हणजे काय हे शिकवताना मी तिचा हात असाच गळ्यावर ठेवत असे. मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. बोलणं कमी आणि हुंदके जास्त होते. तिला दोन्हींतला फरक कळला असेल असं वाटत नाही. पण तिने पंजा काढला नाही.

गुरुवारी आम्ही चौघं मुंबईला गेलो. बाईंनी संगणकाला जोडलेली चकती तिच्या डोक्याला लावली. संगणकाच्या पडद्यावर तारेवर ओळीने बसवलेल्या प्रत्येक टोकासाठी एक चौकोन होता. सगळे राखाडी. बाईंनी कळ दाबली. काहीच झालं नाही. त्यांनी चकती जराशी हलवून पुन्हा दाबली. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं, चावलेल्या जागीच. दुखत होतं आणि मला ते दुखणं हवं होतं. एक चौकोन हिरवा झाला. मग त्याच्या शेजारचा. एकेक करून पुढे गेले, मध्ये एक राखाडी राहिला, शेवटी आणखी एक.

"आतलं चालू आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता. "दोन टोकं गेलीत. त्यांच्याशिवाय काम भागवावं लागेल. बाहेरचं मशीन मात्र पूर्ण गेलंय."

सासूबाईंनी मला विचारलं, "बरा सांगते का वायट?"

"दोन्ही, आई."

नवं मशीन यायला वेळ होता. बाईंनी वापरायला एक जुनं दिलं, त्यात अंदाजाने नवी जुळणी भरली आणि मुलीला काचेच्या खोलीत बसवलं. हातात मणी द्यायचा; तिने तो गालाशी धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. हा खेळ ती पूर्वी डोळे मिटून खेळायची. आता मणी गालाशी धरून बसली आणि टाकेना. बाईंनी आवाज वाढवला. टाकेना. आणखी वाढवला. ती काचेतून माझ्याकडे बघत होती, तिची हनुवटी हलायला लागली, आणि मला वाटलं, तिला आता विश्वासच उरलेला नाही. आवाज आला तरी तो खरा आहे हे ती मानणार नाही.

मग मणी पडला. तिने टाकला की हातातून सुटला, कळलं नाही. बाईंनी पुन्हा आवाज दिला. दुसरा मणी तिने हाताने टाकला. आणि रडायला लागली.

"तिला वेगळं वाटत असेल," बाई म्हणाल्या. "पत्रा बडवल्यासारखं. आधीचं ऐकणं ते हे नव्हे. पुन्हा सवय करावी लागेल. पुष्कळसं पहिल्यापासून."

पहिल्यापासून. मी मान डोलावली. परतीच्या वाटेवर गाडीत ती माझ्या मांडीवर होती, मी तिचा हात धरून होते, आणि दर थोड्या वेळाने तिचा दुसरा हात कानाकडे जायचा आणि मला वाटायचं, आता उपटून खिडकीतून फेकणार. कळंबोलीला लोखंड भरलेल्या ट्रेलरची रांग लागली होती. त्यातल्या एकाने आमच्या अगदी कानाशी हॉर्न दिला. ती दचकली, दोन्ही हातांनी कान दाबले आणि घसा फोडून रडायला लागली.

मी तिला गप्प करायला गेले.

"रडू दे," नवरा म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मागून सासूबाई दोघांना सांगत होत्या, "आयकला तिनी. आयकला रं." हॉर्न पुन्हा वाजला, ती पुन्हा किंचाळली, आणि मी तिच्या हातांवर माझे हात ठेवून बसून राहिले. मशीन तिने काढलं नव्हतं.